आठ महिने पुरलेली ट्यूब

प्रश्न : माझे वय ३६ असून वर्ण सावळा आहे. दोन वर्षांपासून दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले आहेत. डॉक्टरांनी ते वांग असल्याचे सांगितले. उजव्या गालावरचे डाग डाव्यापेक्षा गडद आहेत. गेले आठ महिने मी रोज सकाळी न चुकता एसपीएफ ५० चे सनस्क्रीन लावते. ५० ग्रॅमची तीच ट्यूब अजून चालू आहे, म्हणजे उधळपट्टीही नाही. पण डागांत काडीचाही फरक नाही. दिवसभर मी कार्यालयात काचेच्या खिडकीला लागून बसते आणि उन्हात जाणे फारसे होतच नाही. सासूबाईंचे म्हणणे, सावळ्या कातडीला हे चोचले कशाला? मैत्रीण म्हणते, सनस्क्रीनमुळे ड जीवनसत्त्व कमी होते. मग हे सगळे बंदच करावे का? आणि सहा वर्षांच्या मुलाला सनस्क्रीन लावावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याकडे तुम्ही स्वतः कौतुकाने पाहत आहात, नेमक्या त्याच वाक्यात तुमच्या तक्रारीचे निम्मे उत्तर आहे. ५० ग्रॅमची ट्यूब आठ महिने पुरली, हे ते वाक्य. सनस्क्रीन बंद करावे का, असे तुम्ही विचारता. माझ्या हिशेबाने तुम्ही ते अजून पुरते सुरूच केलेले नाही.

हा हिशेब आपण एकत्रच करू. ट्यूबवर छापलेला एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो आणि तो ठरवताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम इतका थर दिलेला असतो. चेहरा, कान आणि मान मिळून सुमारे सहाशे चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळी साधारण सव्वा ग्रॅम सनस्क्रीन लागते. त्या मापाने तुमची ट्यूब चाळीस दिवसांत संपायला हवी होती. ती दोनशे चाळीस दिवस चालली, याचा अर्थ तुम्ही रोज आवश्यक मात्रेचा फक्त सहावा हिस्सा लावत होता. थर पातळ झाला की संरक्षण झपाट्याने घसरते, आणि इतक्या पातळ थरात ५० चा आकडा एकआकडी होऊन जातो. हा दोष तुमच्या एकटीचा नाही. बहुतेक माणसे ठरलेल्या मात्रेच्या चौथाई ते निम्म्या मात्रेवरच थांबतात, कारण वाटाण्याएवढा थेंब चेहराभर पसरला की लावल्याचे समाधान मिळते, आणि त्याहून जास्त घेतले की चेहरा चिकट, पांढरट दिसतो.

मापाची सोपी खूण अशी की तर्जनी आणि मधले बोट शेजारी शेजारी धरावे, दोन्ही बोटांच्या मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक रेघ काढावी आणि तेवढे सगळे चेहरा आणि मान यांवर संपवावे. पहिल्या दिवशी हे प्रमाण भलतेच वाटेल, म्हणून ते दोन वेळा विभागून लावा. एक रेघ जिरू द्या आणि मग दुसरी घ्या. कान, मानेची मागची बाजू, केसांच्या कडेची पट्टी आणि पापण्यांच्या खालचा भाग या जागा हमखास सुटतात. ओठांसाठी एसपीएफ असलेला वेगळा बाम घ्या.

आकड्यांबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. एसपीएफ १५ हे त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के, ३० हे सुमारे ९७ टक्के आणि ५० हे सुमारे ९८ टक्के अडवते. म्हणजे ३० आणि ५० यांच्यातले अंतर आकड्यांत दिसते तेवढे मोठे नाही. भरपूर मात्रेत लावलेले ३० हे पुसटसे लावलेल्या ५० पेक्षा कितीतरी कामाचे ठरते. एसपीएफ ३० म्हणजे तीसपट वेळ उन्हात राहण्याची मुभा, हाही समज सोडून द्यावा, कारण सकाळी आठचे ऊन आणि दुपारी बाराचे ऊन एका मापाने मोजता येत नाही आणि घाम, टॉवेल व हातांचा स्पर्श यांनी थर सतत उतरत असतो.

आता खिडकीकडे येऊ. सूर्याकडून येणाऱ्या अतिनील किरणांचे तीन पट्टे मानले जातात. त्यांपैकी सर्वांत घातक असलेले सी किरण वातावरणातच अडतात. आपल्यापर्यंत पोहोचतात ते ए आणि बी, आणि जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा ए किरणांचा असतो. बी किरण त्वचेच्या वरच्या थरात काम करतात. लाल होणे, भाजणे, सोलवटणे ही त्यांची करणी, आणि एसपीएफचा आकडा मुख्यतः त्यांच्याच विरुद्धचे संरक्षण सांगतो. ए किरण मात्र खोलवर, त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या थरापर्यंत उतरतात. ते जळजळ करत नाहीत, त्यामुळे त्यांचा पत्ताच लागत नाही. खिडकीची साधी काच बी किरणांना बऱ्याच अंशी अडवते, पण ए किरणांतला मोठा भाग आरपार येऊ देते. उन्हात जाणे होत नाही, असे तुम्हाला वाटते खरे, पण दिवसाचे सात-आठ तास तुमचा एक गाल ए किरणांच्या उजेडात असतो. तुमच्या कोणत्या हाताला खिडकी आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. ती उजव्या हाताला असेल, तर उजव्या गालाचा गडदपणा समजण्यासारखा आहे.

२०१२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या माणसाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याने २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवला होता. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो; त्याचा खिडकीच्या बाजूचा, म्हणजे डावा गाल जाड, लोंबता आणि खोल सुरकुत्यांनी भरलेला, तर उजवा गाल कितीतरी तरुण. एकाच माणसाचे एकच वय, फक्त अर्ध्या चेहऱ्याला काचेतून ऊन मिळालेले. पत्र लिहिणाऱ्यांना घाबरवणे मला आवडत नाही, पण काचेआड बसलो म्हणजे सुरक्षित आहोत असे म्हणणाऱ्याला मी हे चित्र आवर्जून सांगतो.

तेव्हा पुढची ट्यूब घेताना एसपीएफच्या शेजारी आणखी दोन गोष्टी वाचा. एक म्हणजे ब्रॉड स्पेक्ट्रम हे शब्द, आणि दुसरी म्हणजे पीए या अक्षरांपुढची अधिकची चिन्हे. ही जपानमध्ये सुरू झालेली, ए किरणांपासूनच्या संरक्षणाची पद्धत आहे. एका चिन्हापासून चार चिन्हांपर्यंत ती चढत जाते आणि तुम्ही तीन किंवा चार चिन्हे असलेलेच घ्यावे. काही ट्यूबांवर वर्तुळात यूव्हीए अशी अक्षरे असतात. युरोपच्या संकेतानुसार त्यांचा अर्थ असा की ए किरणांपासूनचे संरक्षण एसपीएफच्या किमान एक-तृतीयांश आहे.

तुमच्या वांगासाठी मात्र यावरही एक पायरी आहे, आणि ती पुष्कळांना माहीत नसते. सावळ्या आणि गडद त्वचेत केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, रंगद्रव्य वाढवतो. नेहमीचे पारदर्शक सनस्क्रीन हा उजेड अडवत नाही. तो अडवतात लोहाचे ऑक्साइड, म्हणजे त्वचेच्या रंगाच्या, किंचित तपकिरी छटेच्या सनस्क्रीनमध्ये असणारी रंगद्रव्ये. म्हणून तुम्हाला माझा स्पष्ट सल्ला असा की वर्णाशी जुळणाऱ्या छटेचे, लोहाचे ऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्यावे. त्यात पांढरटपणाची तक्रारही उरत नाही. संगणकाच्या आणि फोनच्या पडद्याची धास्ती मात्र घेऊ नका, कारण दिवसाच्या उजेडापुढे तो प्रकाश अगदीच क्षीण असतो.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे खरोखरच विलक्षण संरक्षण आहे. त्वचेच्या पेशीत त्याचे कण वाटेल तसे विखुरलेले नसतात, तर पेशीच्या केंद्रकावर, सूर्याकडच्या बाजूने, छत्री धरावी तसे जमा होतात, आणि आतल्या डीएनएवर पडणारे किरण शोषून घेतात. काळ्या त्वचेच्या बाह्यस्तराचे हे अंगभूत संरक्षण एसपीएफच्या भाषेत १३ च्या आसपास आणि गोऱ्या त्वचेचे ३ च्या आसपास मोजले गेले आहे. सावळी त्वचा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. त्यामुळे आपण गोऱ्या माणसासारखे चटकन भाजत नाही, आणि उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोगही सावळ्या-काळ्या त्वचेत कितीतरी कमी आढळतात. पण याच छत्रीची दुसरी बाजू अशी की आपल्या रंगपेशी तत्पर असतात. ऊन, मुरूम, ओरखडा, कशालाही त्या रंग वाढवून उत्तर देतात, आणि मग डाग महिनोन्महिने रेंगाळतो. गोऱ्या त्वचेची तक्रार भाजण्याची आणि सुरकुत्यांची असते, आपली बहुधा डागांची आणि असमान रंगाची. तेव्हा सासूबाईंना सांगताना तावातावाने सांगू नका. त्यांच्या त्वचेने त्यांना इतकी वर्षे साथ दिली आहे आणि त्या अनुभवातूनच बोलत आहेत.

रापणे याविषयीही दोन शब्द. उन्हात जाऊन आल्यावर त्वचा काळवंडते, तिला काही जण निरोगी झळाळी म्हणतात. प्रत्यक्षात बी किरण डीएनएच्या साखळीतले शेजारचे दोन दुवे एकमेकांना चुकीच्या जागी चिकटवतात, पेशी ती गाठ सोडवण्याच्या कामाला लागते आणि जोडीने अधिक मेलॅनिनची मागणी करते. रापलेली कातडी हा त्या दुरुस्तीच्या धावपळीचा पुरावा असतो. बहुतेक गाठी सुटतात. काही सुटत नाहीत, आणि वर्षानुवर्षांच्या न सुटलेल्या गाठींतून कर्करोगाची शक्यता वाढते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने सूर्यकिरणांना १९९२ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले, आणि रापण्यासाठीच्या कृत्रिम दिव्यांना २००९ मध्ये.

रोज लावण्याने खरोखर फरक पडतो का, हे सांगणारा उत्तम प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधील नंबोर या गावी झाला. १९९२ पासून साडेचार वर्षे सोळाशेहून अधिक प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने गटांत विभागले होते. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार, स्क्वॅमस पेशींचा, सुमारे ४० टक्के कमी झाला. दुसऱ्या, बेसल पेशींच्या प्रकारात मात्र ठळक फरक दिसला नाही. त्यांच्यातल्याच काहींच्या हाताच्या मागच्या बाजूच्या त्वचेचे ठसे घेऊन त्या काळात ती किती म्हातारी झाली हे जोखले गेले, तेव्हा रोजच्या गटात ही वाढ २४ टक्के कमी निघाली. ही माणसे प्रामुख्याने गोऱ्या वर्णाची होती, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे तुम्हाला लावता येणार नाहीत. मला त्यात महत्त्वाची वाटते ती तुलना. दुसऱ्या गटातही सनस्क्रीन होतेच. फरक होता तो रोज आणि अधूनमधून यांतला.

ड जीवनसत्त्वाबद्दल मैत्रिणीची शंका तत्त्वतः योग्य आहे, कारण ते जीवनसत्त्व बी किरणांमुळेच त्वचेत तयार होते. पण व्यवहारात रोजच्या सनस्क्रीनने त्याची कमतरता झाल्याचे सहसा दिसत नाही, कारण माणसे थर पातळ लावतात, हातपाय उघडे राहतात आणि कुठलेही सनस्क्रीन शंभर टक्के किरण अडवत नाही. तुमच्या बाबतीत तर गंमत अशी की काच बी किरण अडवते आणि ए किरण आत सोडते. खिडकीशी बसून जीवनसत्त्व मिळत नाही आणि डाग मात्र मिळतात. सावळ्या त्वचेला ते तयार करायला जास्त वेळ लागतो आणि तुमचा दिवस घरात-कार्यालयात जातो, म्हणून एकदा रक्त तपासून घ्या आणि कमी निघाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या. त्यासाठी गाल उन्हाला देण्याची गरज नाही.

सनस्क्रीन हे संरक्षणातले शेवटचे साधन मानावे, पहिले नव्हे, असे माझे मत आहे. त्याची जाहिरात होते म्हणून ते पहिले वाटते, सावलीची जाहिरात कोणी करत नाही. उन्हाची तीव्रता ओळखायला उपकरण लागत नाही. उघड्यावर उभे राहून आपली सावली पाहा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरण तीव्र आहेत. हवामानाच्या अंदाजात यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा निर्देशांक दिलेला असतो. तो ३ किंवा त्याहून अधिक असेल तर बाहेर पडताना काळजी घ्यावी, आणि ८ च्या वर दुपारचे काम शक्य तर पुढे ढकलावे. ढगाळ हवेवर विसंबू नका, कारण विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. उंचीवर दर हजार मीटरला ते १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. कपड्याची परीक्षा अशी की तो उजेडासमोर धरावा. पलीकडचा उजेड झिरपताना दिसला, तर किरणही झिरपणार. पातळ, पांढरा, त्यातून ओला सुती कपडा फारच कमी संरक्षण देतो; घट्ट विणीचा, गडद, कोरडा कपडा खूप अधिक.

कार्यालयात शक्य असेल तर जागा बदलून घ्या. ते जमत नसेल, तर काचेवर अतिनील किरण अडवणारा पारदर्शक पापुद्रा बसवता येतो, किंवा निदान पडदा ओढता येतो. सनस्क्रीन सकाळी मॉइश्चरायझरनंतर आणि मेकअपच्या आधी, बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावा. पूर्ण दिवस खिडकीपासून दूर असाल, तर सकाळचा थर आणि संध्याकाळी उजेडात निघण्यापूर्वीचा दुसरा थर पुरे. पण खिडकीशी बसणार असाल, तर दुपारी एकदा लावाच, आणि उघड्यावर असाल तेव्हा दर दोन तासांनी. पावडरीत किंवा फाउंडेशनमध्ये एसपीएफ असते खरे, पण ते आपण इतके कमी लावतो की त्यावर विसंबता येत नाही. डोळे चुरचुरत असतील, तर झिंक ऑक्साइडवर आधारित सनस्क्रीन निवडा. काही रासायनिक घटक रक्तात उतरतात, हे अमेरिकेत २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसले आहे. उतरणे म्हणजे अपाय होणे नव्हे, पण तेवढ्याने मन साशंक राहत असेल, तर तेव्हाही झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे पर्याय आहेतच.

एवढे करूनही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वांग निव्वळ उन्हाने येत नाही. आनुवंशिकता, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांचाही त्यात हात असतो. सनस्क्रीन डाग पुसत नाही, ते डागाला खतपाणी मिळू देत नाही. उपचार त्याच्या आधाराने चालतात. डाग हलके होण्याचा हिशेब आठवड्यांत न करता महिन्यांत करा. दरम्यान कोणी सुचवलेले गोरेपणाचे मिश्र मलम परस्पर लावू नका; अशा मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते, ते सुरुवातीला चमत्कार दाखवते आणि नंतर त्वचा पातळ, लाल, मुरूमग्रस्त करून ठेवते. डाग फिके करणारे हायड्रोक्विनोनही त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मुदतीपुरतेच. तुम्ही डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा मुरमांसाठीचे रेटिनॉइड घेत असाल, तर तसे डॉक्टरांना सांगा, कारण या औषधांनी त्वचा उन्हाला अधिक हळवी होते.

गडद त्वचेतला मेलॅनोमा हा कर्करोग बहुधा जिथे ऊन पोहोचत नाही तिथे, तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो. १९८१ मध्ये गायक बॉब मार्ले यांचे निधन झाले, ते पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमाने. त्यावर सनस्क्रीनचा उपाय नाही. महिन्यातून एकदा तळपाय आणि नखे पाहणे, आणि नवा किंवा बदलता काळा डाग, नखावरची रुंद होत जाणारी काळी रेघ दिसल्यास लगेच दाखवणे, हाच उपाय. चेहऱ्यावरचाही एखादा डाग बाकीच्यांहून वेगळा वाटला, तर वांगच असेल असे धरून बसू नका.

मुलाला सनस्क्रीन जरूर लावा. सहा महिन्यांखालील बाळांना सावली आणि कपडे हेच संरक्षण. तुमच्या मुलाने ते वय केव्हाच ओलांडले आहे. रुंद काठाची टोपी, अंगभर कपडा, दुपारचा खेळ सावलीत, आणि उरलेल्या उघड्या अंगावर एसपीएफ ३० किंवा अधिक. पोहायला जाणार असेल, तर पाण्यात टिकणारे घ्या आणि पाण्याबाहेर आल्यावर पुन्हा लावा. टिकणारे म्हणजे ४० किंवा ८० मिनिटे टिकणारे, दिवसभर नव्हे.

जुनी ट्यूब वापरण्याची मुदत पाहा. मुदत उलटली असेल, किंवा ती तापलेल्या गाडीत पडून राहिली असेल, तर टाकून द्या. नवी उघडाल त्या दिवशी तिच्या पाठीवर पेनाने तारीख लिहा. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा वापरून दीड महिन्यात आणि दोनदा वापरून तीन आठवड्यांत संपली नाही, तर बोटांवरच्या रेघा पुन्हा मोजा.